लाभक्षेत्रातला भाडेकरू

धाराशिवला बदली झाल्याची ऑर्डर हातात पडली, तेव्हा पुण्याच्या शाखेत माझं सांत्वन करायला आलेल्या मंडळींचे दोन गट होते. पहिल्या गटानं विचारलं, "हे कुठं आलं?" मी "उस्मानाबाद" म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडले. दुसऱ्या गटानं "तुळजापूर जवळच आहे, देवी बघून घेईल," असं म्हणून मला परस्पर भवानीच्या खात्यावर जमा केलं. बायकोनं प्रश्नही विचारला नाही आणि दिलासाही दिला नाही. तिनं अट घातली. "घर पाण्याजवळ बघा."

पुण्यात आम्ही कॅनॉलशेजारी राहायचो. खडकवासल्याचं पाणी दौंड-इंदापूरच्या वाटेला लागलं की आमच्या गच्चीवरून दिसायचं. २०१८च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ त्याच कॅनॉलची भिंत फुटून पाणी लोकांच्या घरात शिरलं, तेव्हापासून बायको 'जवळ' या शब्दाला 'पण फार नको' अशी पुरवणी जोडते. तरी पाणी दिसलं की तिला घर घरासारखं वाटतं.

त्यामुळे धाराशिवात गावाबाहेरच्या एका नव्या प्लॉटिंगमध्ये विजेच्या खांबावर पाटी दिसली, तेव्हा मी गाडी थांबवली. 'भाड्याने देणे आहे. २ बीएचके. कॅनॉललगत. मोकळे.' पाटी जणू बायकोनंच लिहून घेतली होती. तिच्यातल्या एकेका शब्दाचा खरा अर्थ कळायला पुढे अकरा महिन्यांचा पूर्ण करार खर्ची पडला.

मालकांनी कॅनॉल दाखवायला गच्चीवर नेलं. खाली एक लांबलचक खड्डा होता. त्यात चार पोरं क्रिकेट खेळत होती आणि लाँगऑनला एक काळी शेळी उभी होती.

"पाणी?" मी विचारलं.

"सीझनला असतंय," मालक म्हणाले. सीझन कोणता, ते सांगितलं नाही.

पुढे चौकशी केल्यावर कळलं की त्या खड्ड्याच्या ओळखीबद्दल गावात एकमत नाही. एजंट त्याला कॅनॉल म्हणतो, जुन्या कागदावर तो ओढा आहे, कोपऱ्यावरचा किराणावाला नाला म्हणतो आणि उन्हाळ्यात टँकरवाला त्याला शॉर्टकट म्हणतो. ज्या गावानं स्वतःचं नाव २०२३ साली बदलून घेतलं, त्या गावात एका खड्ड्याला चार नावं असली तर बिघडलं कुठं? माझ्या भाडेकरारात घर धाराशिवला होतं आणि जुन्या वीजबिलावर उस्मानाबादला. या सगळ्या गडबडीत फक्त ती शेळी स्थिर राहिली. शहराचं झालं, जिल्ह्याचं झालं, तरी शेळीची जात अजून उस्मानाबादीच आहे. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही हरकत नोंदवली नाही.

मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळा भाग त्यांना अण्णा म्हणायचा. उभी नोकरी कॅनॉलवर गेलेली. चाऱ्या, दारं, पाळ्या आणि रात्री-अपरात्री दुसऱ्याचं दारं मोडणारे शेतकरी यांच्यात आयुष्य काढलेला माणूस. खातं सुटलं होतं, पण खात्याची भाषा सुटली नव्हती. नातू दूध प्यायला किरकिर करू लागला तर अण्णा सुनेला सांगायचे, "विसर्ग कमी कर, घेईल हळूहळू."

पुण्यात घरमालक भाडेकरूची जी परीक्षा घेतात, तिचे प्रश्न मला पाठ होते. नॉनव्हेज खाता का, पाहुणे फार येतात का, रात्री किती वाजता येता. अण्णांनी त्यातलं काही विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता.

"फर्निचर किती हाय?"

मी उत्साहानं यादी सुरू केली. सोफा आहे, दिवाण आहे, शोकेस आहे, चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल आहे.

"ते नव्हं हो," अण्णांनी मला तोडलं. "फर्निचर. टाक्या किती, बॅरल किती, घागरी किती?"

"एक बादली आहे," मी म्हणालो. थोडं थांबून जोडलं, "आणि मग."

अण्णांनी माझ्याकडे दुर्लक्ष करून बायकोकडे पाहिलं. दरिद्री घरात पडलेल्या लेकीकडे बाप पाहतो, तसं. "म्हणजे तुमीबी मोकळंच आलाव की," ते म्हणाले.

घर मात्र खरोखर मोकळं होतं. आधीच्या भाडेकरूनं पंखे नेले होते ते समजण्यासारखं होतं. बल्बही नेले होते. बल्बचे होल्डरही नेले होते. बाथरूममधला टॉवेल अडकवायचा हूक आणि देवघराच्या जागेचा खिळा असं सगळं उपटून तो गेला होता आणि मागे भोकं ठेवून गेला होता. पहिल्या रात्री मी "चहा" म्हटलं तर स्वयंपाकघर, बेडरूम आणि जिना अशा तीन ठिकाणांहून "चहा" ऐकू आला. मिळाला एकही नाही.

"खिळा तेवढा मारू नका," अण्णांनी बजावलं. "चार इंची भिंत हाय. पलीकडं निघंल."

या चार इंचांची गोष्ट मला पुढे कळली. अण्णांनी एका रविवारी आम्हाला गावाकडचं जुनं घर दाखवायला नेलं. माळवदाचं, म्हणजे वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर असलेलं. बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण भिंती दोन हात जाड. त्या भिंतींत दिव्याला देवळी होती, दागिन्याला चोरकप्पा होता, भांड्यांना फडताळ होतं, पागोट्याला खुंटी होती आणि धान्याला भिंतीच्या पोटातलं बळद होतं. आई उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात पैसे लपवायची, असं अण्णांनी जागा दाखवून सांगितलं. बायको सगळीकडे हात लावत फिरली आणि म्हणाली, "हे तर पूर्ण फर्निश्ड आहे." खरंच होतं. एकही वस्तू विकत न आणता त्या घरात सगळं जागच्या जागी होतं, कारण भिंत हेच फर्निचर होतं.

"मग नव्या घराच्या भिंती एवढ्या बारीक का केल्या?" मी विचारलं.

अण्णा क्षणभर गप्प राहिले. १९९३च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि या जिल्ह्यातला उमरगा-लोहाऱ्याचा भाग हलला, तेव्हा माणसं मेली ती बहुतेक अशाच भिंतींखाली आणि वरच्या मातीखाली. दगड आणि माती रचून उभ्या केलेल्या, पिढ्यान् पिढ्या ऊन अडवणाऱ्या त्या भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. त्यानंतर कित्येकांना डोक्यावर पत्रा चालत होता, माळवद नको होतं. "बळद गेलं, देवळी गेली," अण्णा म्हणाले. "पण झोप लागती." त्या दिवसापासून मी चार इंची भिंतीला नावं ठेवणं सोडलं आणि खिळ्याऐवजी चिकटणारे हूक आणले. ते रात्री दीड वाजता एकेक करून पडायचे आणि आम्ही दोघं आणि मुलगी, तिघंही दचकून उठायचो.

सामानाची खरेदी अण्णांच्या देखरेखीखाली झाली. मी म्हणत होतो, आधी कपाट घेऊ. अण्णा म्हणाले, "कपाट घ्या. पण रिकामं कपाट दोन वर्षं चालतंय. रिकामं बॅरल दोन दिवस चालत न्हाई." बॅरलच्या दुकानात निळे, पांढरे, काळे असे दोनशे लिटरचे ड्रम एकावर एक रचलेले होते. मी रंग बघत होतो. अण्णा बोटाच्या पेरानं एकेक ड्रम वाजवून कान लावत होते. जिल्हा तेरच्या गोरोबाकाकांचा. काकांनी थापटीनं संतांची डोकी वाजवून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते सांगितलं, ही कथा इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नामदेवासारख्या नामदेवाला जिथं कच्चं ठरवलं, तिथं निळ्या ड्रमची काय कथा! अण्णांनी सातातले तीन कच्चे ठरवले. उरलेले चार आमच्या घरात आले.

त्यानंतर एक पेच पडला. ड्रम गॅलरीत ठेवले तर नळापासून लांब. बाथरूममध्ये ठेवले तर आंघोळ करणारा बाहेर. शेवटी दोन स्वयंपाकघरात आणि दोन हॉलमध्ये बसले आणि पुण्याहून आणलेला सोफा गॅलरीत गेला. आल्यागेल्याला आम्ही हॉलमध्ये बॅरलशेजारी सतरंजीवर बसवायचो आणि सोफा दाखवायला गॅलरीत न्यायचो. चार-आठ दिवसांत बॅरल माणसाळले. एकावर फळी टाकली, तिच्यावर मुलीचा अभ्यास सुरू झाला. दुसऱ्यावर बायकोनं भरतकामाचा रुमाल घातला आणि गणपती बसवला. "पाण्यात देव ठेवतात ऐकलं होतं," पुण्याहून आलेली मेव्हणी म्हणाली, "पाण्यावर पहिल्यांदाच बघतेय." तिला आम्ही इथल्या खव्याचे गुलाबजाम खाऊ घातले. मग ती काही बोलली नाही, चौथ्यालाच हात घातला.

पण फर्निचर असून भागत नाही, ते भरावंही लागतं. इथं अण्णांची सगळी सेवा उपयोगी आली. नळाचं पाणी येतं भीमेवरच्या उजनी धरणातून, पार सोलापूर जिल्ह्यातून. एवढा प्रवास करून दमलेलं पाणी आमच्या इमारतीच्या दारात पोचलं की पुढचं सगळं अण्णांच्या अखत्यारीत यायचं. तळमजल्यावर अण्णा स्वतः, पहिल्यावर त्यांचा मुलगा, दुसऱ्यावर एक शिक्षक दांपत्य आणि तिसऱ्यावर आम्ही.

"कॅनॉलला हेड असतंय आणि टेल असतंय," पहिल्याच दिवशी जिन्यात उभं राहून त्यांनी मला समजावलं. "पाणी सुटतंय ते हेड. पोचत न्हाई ते टेल."

"आम्ही?"

"तुमी टेल."

"मग आमचं काय?"

"काळजी करू नका. लाभक्षेत्रात हाव की तुमी."

लाभक्षेत्र हा सरकारी मराठीतला फार सुंदर शब्द आहे. त्यात लाभ आहे, क्षेत्र आहे. त्यात पाणी नाही, हे सवयीनं कळतं. शासनाच्या शेजपाळीत नियम असा की पाणी टेलकडून सुरू करायचं आणि भिजवत भिजवत हेडकडे यायचं, म्हणजे शेवटच्या माणसावर अन्याय होत नाही. नियम अण्णांना तोंडपाठ होता. त्यांनी पाळीपत्रकही करून जिन्यात चिकटवलं होतं: तिसरा मजला सहा ते सात, दुसरा सात ते आठ, असं खाली येत येत. फक्त सहा वाजता पाण्याला जोर नसायचा. ते वर चढायला तयार नसायचं आणि अण्णांच्या हौदात आपोआप उतरायचं. "मी काय करू?" अण्णा हळहळायचे. "नियम माझा हाय, उतार देवाचा."

मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "लेखी द्या. सात नंबर भरा." शेतकऱ्याला कॅनॉलचं पाणी हवं असेल तर नमुना सातचा अर्ज भरावा लागतो. मी बँकेतला माणूस, अर्ज म्हटलं की माझाही हात शिवशिवतो. वहीच्या पानावर रकाने आखून मी लिहिलं: मागणी क्षेत्र दोन खोल्या, पीक दोन मोठी व एक लहान, हंगाम बारमाही. अण्णांनी चष्मा लावून तो वाचला, कोपऱ्यात 'मंजूर, पाणी उपलब्धतेनुसार' असा शेरा मारला आणि सही केली. निवृत्तीनंतर इतक्या समाधानानं त्यांनी कशावर सही केली नव्हती, असं त्यांच्या सूनबाईंनी नंतर सांगितलं. तो अर्ज त्यांनी फाइलला लावला. पाणी आलं नाही, पण आमचे संबंध सुधारले.

मग आम्ही दोरीनं आणि कळशीनं पाणी चढवू लागलो आणि आमच्या घरातही खात्याची भाषा शिरली. जिन्यात जे सांडायचं तो वहनव्यय. शिक्षकांच्या पायपुसण्यावर जे सांडायचं ती पाणचोरी. बॅरलच्या तळाशी मगाला न लागणारं चार बोटं पाणी तो मृतसाठा. रविवारी सकाळी बायको बाथरूमच्या दाराशी उभी राहून विचारायची, "उपयुक्त साठा किती उरलाय?" आणि आतून मुलगी टक्केवारी सांगायची. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात? तर ती म्हणाली, "टेलला असतात."

मी एकदा हिशेब केला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे एक क्युसेक पाणी माझ्या नळाला आलं, तर चारही बॅरल अर्ध्या मिनिटाच्या आत भरतील. प्रत्यक्षात एका बॅरलला पन्नास मिनिटं लागायची. माझा विसर्ग क्युसेकचा सुमारे चारशेवा हिस्सा होता. हे मी अण्णांना अभिमानानं सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजे चालू हाय की! टेलला एवढं आलं तर आमी पेढे वाटायचो."

नंतर कधीतरी नकाशा बघताना माझ्या ध्यानात आलं की हा अख्खा जिल्हाच तिसऱ्या मजल्यावर राहतो. बालाघाटच्या माथ्यावर बसलाय. एका अंगाला पडलेला पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातो आणि दुसऱ्या अंगाचा सीना-बोरीतून भीमेला, म्हणजे कृष्णेला. दोन मोठ्या नद्यांना पाणी पुरवायचं आणि स्वतः भीमेच्या धरणातून उसनं चढवून आणायचं, असा हा उदार गृहस्थ. हे मी अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सूनबाईंना हाक मारून म्हणाले, "आज वरची मोटर अर्धा तास लाव."

पाणी खऱ्या अर्थानं घरात आलेलं मी एकदाच पाहिलं, तेही नळदुर्गला. किल्ल्यात बोरी नदी अडवून बांध घातलाय आणि बांधाच्या भिंतीतच खोल्या काढल्यात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला हा पाणी महाल. मागे साठलेलं पाणी, पुढे नर आणि मादी हे दोन धबधबे, मध्ये खोलीत माणूस. पावसाळ्यात आम्ही तिथल्या गवाक्षात उभे होतो आणि समोरून पाणी कोसळत होतं.

"याला म्हणतात पाण्याजवळचं घर," बायको म्हणाली. मग मागे वळून दगडी खोलीकडे बघत, "हेही मोकळंच दिलंय."

आमच्या कॅनॉलचा सीझन सप्टेंबरच्या शेवटी आला. परतीच्या पावसानं दोन रात्री झोडपलं आणि पहाटे खालून ओरडा झाला, "आलं, आलं!" मला वाटलं चोर आला. गच्चीवर गेलो तर अख्खी कॉलनी गोळा झालेली. खड्ड्यातून तांबडं पाणी चाललं होतं. त्याबरोबर बॉल, स्टंपची काटकी, कुणाची तरी चप्पल आणि एक निळा ड्रम. तो बहुधा अण्णांनी कच्चा ठरवलेला असावा. कुणी मिरच्यांची भजी काढली. शेळी काठावर उभी राहून आपलं मैदान वाहून जाताना पाहत होती. अण्णा टोपी घालून आले होते, जणू ड्यूटीवर आहेत. पाण्याकडे बोट करून म्हणाले, "पंचवीस क्युसेक. मागं भरती हाय, वाढंल." आणि मग एकदम हळू आवाजात, मला एकट्याला, "हे सोडलेलं न्हाई. आपसूक आलंय. याला पाळी नसती."

दुपारपर्यंत वाढलं. संध्याकाळी ओसरलं. तिसऱ्या दिवशी पोरांनी चिखलात नवे स्टंप रोवले.

करार संपता संपता माझी पुण्याला परत बदली झाली. चार बॅरल नेण्यापेक्षा इथंच ठेवावेत म्हणून अण्णांना देऊन टाकले. भरलेले दिले. आम्ही सामान ट्रकमध्ये चढवत होतो तेव्हाच अण्णांनी खांबावरची पाटी उतरवून नवी लावली. 'भाड्याने देणे आहे. २ बीएचके. कॅनॉललगत. संपूर्ण फर्निचरसह.'

पुण्यात एजंटनं आम्हाला दाखवलेला पहिलाच फ्लॅट फुल फर्निश्ड होता. सोफा, मोठा टीव्ही, भिंतीएवढं वॉर्डरोब, मॉड्युलर किचन, चिमणी. एजंट एकेक दार उघडून दाखवत होता. बायको काही न बोलता सगळीकडे फिरून आली. स्वयंपाकघरात डोकावली, बाथरूममध्ये डोकावली, गॅलरीत जाऊन कोपरे बघितले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली,

"अहो, फर्निचर काहीच नाही इथं."